उतारावरची राख

आत्याबाई, तुमचं तेरावं झालं. पंगत उठली, भांडी घासून पालथी घातली, पाहुणे आपापल्या पाड्यांवर गेले. मी तुमच्या ओटीवर बसले आहे. अंबरनाथला कारखान्यात रजा मागायला गेले तेव्हा साहेबांनी विचारलं, कोण गेलं? सासू म्हटल्यावर त्यांनी असं काही बघितलं, की जणू सासू गेल्यावर सुनेने पेढे वाटायचे असतात. मी गप्प बसले. माझं तोंड तुम्हाला माहीत आहे. ते गप्प राहिलं यावरूनच समजा माझी काय अवस्था होती ती.

तुमच्याशी भांडायचं आहे मला. गेलेल्या माणसाशी भांडू नये म्हणतात. पण आपलं भांडण तुमचा लेक गेला त्या दिवशी सुरू झालं आणि तुम्ही ते अर्ध्यावर टाकून गेलात. शिवाय त्या भांडणात इतकी वर्षं तुम्ही खोटं बोलत होतात, हे मला कळलं कधी, तर तुमच्या दहाव्याला. आता मी कोणापुढे आदळआपट करू?

सकाळी इथली पोरं ओटीच्या पायरीला लावलेल्या लोखंडावरून उड्या मारत होती. एकाने मला विचारलं, काकी, हे काय आहे? तो रूळ आहे हे त्याला ठाऊकच नाही. वरच्या रानातून बदलापूर स्टेशनाजवळच्या वखारीपर्यंत लाकडाची गाडी होती, हेही ठाऊक नाही. गाडी म्हणजे इंजिन नाहीच. चार चाकांवर फळ्या आणि त्यावर साखळदंडाने बांधलेले साग-ऐनाचे सोट. रिकाम्या ट्रॉल्या वर ओढायला बैल. खाली येताना उतारच ट्रॉलीला आणायचा आणि बैल शेवटच्या ट्रॉलीत उभे राहून, रवंथ करत, इकडेतिकडे बघत थाटात यायचे. लग्न होऊन आले तेव्हा ते पहिल्यांदा बघितलं आणि मला हसू आवरेना. तुम्ही म्हणालात, "हसतंस काय? तुझ्या बापानं तरी कवा बसवलं काय तुला गारीत?" पालेगावाहून बदलापूर आणि तिथून तुमच्या दारापर्यंत मी वऱ्हाडाबरोबर चालत आले होते. मी पदर तोंडाला लावून आत पळाले. तसं ते एकदाच झालं.

ट्रॉलीवर एकच माणूस असायचा, ब्रेकवाला. त्याच्या हातात लांब दांडा, दांड्याच्या टोकाला बाभळीचा ठोकळा. तो चाकावर दाबत दाबत उतरायचं. ठोकळा झिजायचा, मग नवा. ज्याचा त्याने तासायचा, दुसऱ्याच्या हातचा कोणी लावत नसे. पण दवाने रूळ ओले असले की ठोकळा चाकाला कितीही धरो, चाक थांबतं आणि गाडी घसरत राहते. म्हणून सकाळी नाल्याच्या वळणाआधीच्या त्या मोठ्या उतारावर रुळांवर राख टाकायची. तीही ज्याच्या त्याच्या चुलीची. ब्रेकवाल्याच्या घरची बाई राखेची टोपली घेऊन त्याच्या गाडीपुढे उतरायची, आणि खाली पोचली की हाक द्यायची. हाक ऐकू आल्याशिवाय वरून गाडी सुटत नसे.

ती टोपली तुम्ही मला कधी दिली नाहीत. लग्नानंतर चूल मी पेटवत होते, भाकऱ्या मी भाजत होते, डोळ्यांत धूर माझ्या जात होता, आणि राख मात्र तुमची! मी एकदा टोपली आधीच भरून डोक्यावर घेतली तर तुम्ही ती दारातून ओढून घेतलीत. "किसन माझा लेक हाय. मी मरन तवा टाक राख." यांनी मधे पडायचा प्रयत्न केला, तर आपण दोघींनी मिळून त्यांनाच गप्प केलं. ते हसत हसत बैलांकडे निघून गेले. त्यांचं हसणं तुमच्यासारखं होतं, तोंड मिटून. हे तुम्हाला सांगायचं राहिलं.

फाळणीनंतरच्या त्या वर्षात लाकडाला मागणी नुसती उसळली होती. कल्याणजवळच्या लष्कराच्या रिकाम्या बराकींत सिंधमधून आलेली माणसं राहायला आली होती. एकेका बराकीत कितीतरी कुटुंबं, मधे साड्यांचे पडदे. पडद्यांच्या जागी फळ्या हव्या होत्या, खाटांना पाय हवे होते, रस्त्याकडेला मांडलेल्या दुकानांना दारं हवी होती. आपल्या रानातले सोट वखारीत कापून कॅम्पात जायचे. वखारीचा मुकादम म्हणायचा, चला, उचला, कॅम्पवाले थांबले आहेत. एका ट्रॉलीवर पूर्वी चढायचं त्याहून जास्त लाकूड चढायला लागलं. सुतक असलं तरी माणसाला बोलावणं यायचं.

तुमचा लेक गेला त्याच आठवड्यात शेजारच्या गोमाचे वडीलही गेले होते. सुतकाच्या घरात चूल पेटत नाही, आपण सगळे त्यांना भाकऱ्या नेऊन देत होतो. चूल नाही म्हणजे राख नाही, आणि राख नाही म्हणजे त्या घरचा माणूस ब्रेकवर जात नाही. पाड्याची रीतच होती ती. पण मुकादमाने निरोप धाडला, गोमालाही यायचं आहे. तेव्हा हे गेले त्या सकाळी तुम्ही आपल्या टोपलीतली अर्धी राख त्याच्या टोपलीत ओतलीत. बायका कुजबुजल्या, सुतकाच्या घरी कोणी चुलीतलं देतं का? तुम्ही म्हणालात, "त्याला बी आई हाय." मला त्या वेळी तुमचा अभिमान वाटला होता. हेही राहिलं सांगायचं.

त्या सकाळच्या आदला दिवस शिवरात्रीचा. अंबरनाथच्या जत्रेला जायचं म्हणून मी सकाळपासून फुगून बसले होते. लग्न झाल्यापासून कुठेही नेलं नाही, असं म्हणून मी भांडी जरा जास्तच आपटली. शेवटी हे उठले. निघताना तुम्ही दारात आलात. "बिगीनं या. त्याला काम हाय." मला वाटलं, झालं, सासूचं सुरू झालं. मी मुद्दाम मागे वळून बघितलं नाही. जत्रेत कॅम्पातला एक म्हातारा काचेच्या बांगड्या विकत होता. "पहनो अदी, पहनो," त्याच्या बोलीत मला ताई म्हणत त्याने इतक्या हळू बांगड्या भरल्या की एकही पिचली नाही. दिवस मावळल्यावर परतलो. वाटेत हे गुणगुणत होते आणि मी पहिल्यांदा त्यांच्या बरोबरीने, मागे न राहता, चालले होते.

सकाळी पहिली गाडी यांची होती. तुमची हाक मी घरातून ऐकली. मग लाकडं कोसळल्याचा आवाज ऐकला. मी पोचले तेव्हा तुम्ही नाल्याच्या वळणावर खाली बसला होतात आणि तुमच्या मांडीवर त्यांचं डोकं होतं. तुम्ही रडत नव्हतात. जो येईल त्याला एकच वाक्य सांगत होतात. "राख कमी परली. माझी राख कमी परली."

तेच वाक्य तुम्ही मग सगळ्यांना सांगितलंत. मुकादमाला, पंचनाम्याला आलेल्या शिपायाला, माझ्या वडिलांना. पाड्यावरच्या बायकांना तर आयतंच मिळालं. सुतकाच्या घरी राख दिली आणि पोटचा पोर घालवला, असं त्या विहिरीवर, बांधावर, लग्नात, बारशात बोलायच्या. तुम्ही मान खाली घालून त्यांच्यामधून जायचात. एकदाही उलट बोलला नाहीत. एरवी कोंबडी अंगणात आली तरी तिच्या मालकिणीचा उद्धार करणारी बाई! मला त्याचाच संताप यायचा.

बायका माझ्या बांगड्या फोडायला आल्या तेव्हा मात्र तुमचा आवाज चढला होता. "हात नाय लावायचा. मी काढतंय." खोबरेल लावून तुम्ही एकेक बांगडी उतरवलीत. मला खरचटू दिलं नाहीत. माझे वडील मला न्यायला आले तर म्हणालात, जायचं असेल तर जाऊ दे, राहायचं असेल तर माझी लेक हाय. मी राहिले. का राहिले हे मला तेव्हाही नीट सांगता आलं नसतं. बहुतेक भांडायला राहिले असेन.

कारण माझं म्हणणं वेगळं होतं. मी म्हणत होते, मुकादमाने लाकूड जास्त चढवलं. चला, वखारीत जाऊन मालकासमोर उभ्या राहू, चार माणसांत विचारू. तुम्ही जागच्या हलला नाहीत. मी म्हणायची, "तुम्ही त्याला मोकळं सोडताय." तुम्ही म्हणायचात, "राख कमी परली, पोरी." मी म्हणायची, "राखेने एवढं होत नाही." तुम्ही म्हणायचात, "तुला काय ठावं?" इथपर्यंत आलं की मी भाकरी टाकून उठायची आणि तुम्ही ती भाकरी टोपलीत झाकून ठेवायचात. आणि खरं सांगू, मी तोंडाने मुकादमाचं नाव घेत होते, पण तुम्हीच इतकं म्हणता म्हणजे असेल तसं, असं मलाही आतून वाटायला लागलं होतं. माणूस स्वतःवर असा आळ उगाच कशाला घेईल?

दिवसकार्य झाल्यावर तुम्ही पुन्हा टोपली उचललीत. आता कोणाचा लेक ब्रेकवर असो, तुम्ही सगळ्यांच्या आधी उतारावर. ज्या बायका तुम्हाला नावं ठेवायच्या त्यांच्याच मुलांसाठी. गाडी बंद पडेपर्यंत तुम्ही ते सोडलं नाहीत. मग रस्ता झाला, ट्रक रानापर्यंत यायला लागले, आणि एका उन्हाळ्यात रूळ उखडून भंगारात गेले. कॅम्पातले व्यापारी येऊन वजनावर घेऊन गेले. कोणाच्या गोठ्याला तुळई झाली, कोणाच्या पायरीला आधार. लोकांना वाटलं म्हातारी आता खचणार. तुम्ही टोपली शेणाला लावलीत आणि माझ्याबरोबर अंबरनाथला आलात.

त्या चाळीतल्या खोलीत आपण सुखाने राहिलो, आत्याबाई. हे मी पहिल्यांदाच म्हणते आहे. मी कारखान्यात काडेपेट्यांत काड्या भरायला जायची आणि तुम्ही शेजारच्या सिंधी बाईशी नळावरून कडाकडा भांडायचात. ती तिच्या बोलीत, तुम्ही आपल्या. एकीचं एकीला कळत नव्हतं म्हणून ते भांडण फार दिवस टिकलं नाही. मग ती तुम्हाला पापड लाटायला शिकवू लागली. तुम्ही आजारी पडलात तेव्हा तीच तुमचे पाय चेपत बसायची आणि मी घरी आले की ओठांवर बोट ठेवून दाखवायची, आत्ताच डोळा लागला आहे. मला पाड्यावर ने, एवढंच तुम्ही शेवटी मागितलंत. आणलं मी तुम्हाला. इथे आल्यावर ताप उतरल्यासारखा वाटला. मला वाटलं, आता म्हातारी उठून मला कामाला लावते.

दहाव्याला नदीवरून परत येताना गोमा माझ्या मागे मागे चालत होता. त्याचेही केस पिकायला आले आहेत. इतक्या वर्षांत तो माझ्याशी धड बोलला नव्हता, मला वाटायचं, त्याला ती अर्धी राख खात असेल. नाल्याच्या वळणावर तो थांबला.

"वैनी, काकीनं मला शपथ घातलेली. पन आता ती नाय. मला नाय राहवत."

"बोला."

"त्या सकाली मी ब्रेकवर गेलोच नाय. घरात बापाचा दिवा जलत व्हता, माझा पाय निघंना. राख मी परत आनून दिली. माझ्यासमोर काकीनं ती टोपलीत ओतली. उतारावर समदी टाकली तिनं. रूल पांढरे झाले व्हते, वैनी. राख कमी नव्हती."

मी म्हटलं, मग?

त्याने माझ्याकडे बघितलं नाही. "ठोकला झिजला व्हता. किसननं नवा तासायला घेतला व्हता, आदल्या दिशी. अर्धा तासून ओटीवर ठेवलेला. मग तुमी जत्रंला गेलात. आल्यावर म्हनला, उद्याच्याला करीन. आमी त्याला उचलून आनला तवा काकी आधी घरात गेली. तो अर्धा ठोकला तिनं चुलीत घातला. मी दारात व्हतो. म्हनली, गोमा, तुझ्या आईची आन हाय. पोरगी लहान हाय. तिला हे कलता कामा नये. तिला जगायचंय अजून."

आत्याबाई, मला ओटीवरच्या त्या ढलप्या आठवल्या. जत्रेला निघण्याआधी मीच त्या झाडून काढल्या होत्या. नवी साडी नेसून, घाईघाईने. बाभळीच्या ढलप्या, ओल्या, लालसर. कसल्या आहेत हे मी विचारलंही नव्हतं. "त्याला काम हाय" म्हणजे कोणतं काम, हे मला त्या वळणावर उभं असताना कळलं. मी तिथेच बसले. गोमा बिचारा घाबरून पाणी आणायला धावला.

मग मी तीन दिवस तुमच्यावर चिडले. रडले त्याहून जास्त चिडले. तुम्हाला कोणी सांगितलं होतं माझं ओझं उचलायला? मला विचारलंत? मी तुमच्याशी कितीदा भांडले, ताट सरकवलं, अबोला धरला, आणि तुम्ही एका वाक्यात मला गप्प करू शकत होतात. रागाच्या भरात तरी तोंडातून निघायला हवं होतं. सासवांच्या तोंडून काय काय निघतं! मुकादमाकडे का आला नाहीत तेही आता कळलं. चार माणसांत विषय निघाला असता, कोणीतरी ठोकळ्याचं विचारलं असतं, आणि मग जत्रेचं. तुमच्या लेकाला कोणी हयगय करणारा म्हणालं असतं, आणि मला तर जन्मभर म्हणाले असते. म्हणून तुम्ही सगळ्यांना राखेकडे बघायला लावलंत.

तेव्हा कळलं असतं तर मी या नाल्यात जीव दिला असता. हे तुम्हाला बरोबर समजलं होतं. माझी आईसुद्धा मला एवढं ओळखत नव्हती. लेकाचं डोकं मांडीवर असताना, अंगातून जीव जात असताना, तुम्ही माझा विचार केलात. कसा केलात हो? मला अजून विश्वास बसत नाही. मी तुमच्या घरात आल्याला तेव्हा किती दिवस झाले होते? त्यातले निम्मे तर मी फुगलेली होते.

आज पंगतीत व्हायचं तेच झालं. वाढता वाढता एकजण म्हणाली, बाई चांगली होती, पण एक चूक केली, सुतकाच्या घरी राख दिली. दुसरीने मान हलवली. तुमच्या तेराव्याच्या जेवणावर बसून! माझ्या हातात वरणाचं पातेलं होतं, ते मी खाली ठेवलं. गोमा लांबून मला खुणेने नको म्हणत होता. मी म्हटलं, "राख भरपूर होती. रूळ पांढरे झाले होते. ठोकळा झिजला होता आणि नवा तासत असताना मी त्यांना उठवून जत्रेला नेलं. आत्याबाईंना ठाऊक होतं. माझ्यासाठी त्यांनी स्वतःवर घेतलं. तेव्हा यापुढे तुम्हाला कोणाचं नाव घ्यायचं असेल तर माझं घ्या."

 मग एका म्हाताऱ्या बाईने पदर डोळ्यांना लावला, आणि काहीजणींनी ताटातच बघत जेवण उरकलं. तुम्ही घातलेली शपथ गोमाने मोडली आणि तुम्ही झाकलेलं मी उघडं केलं. रागवाल तुम्ही. रागवा. पण तुमच्या नावावर ते ठेवून मला अंबरनाथची गाडी धरता आली नसती.

संध्याकाळी पाणी आणायला गेले तर बायका बोलायच्या थांबल्या. माझ्याकडे बघायला लागल्या. त्यांच्यामधूनच वाट आहे, दुसरी नाही. तुम्ही रोज त्या वाटेने जात होतात, डोक्यावर टोपली, मान खाली, पण पाऊल कधी अडखळलेलं मी बघितलं नाही. माझं पाऊल मात्र दगडाला अडखळलं. कळशी हिंदकळली, साडी भिजली आणि मी अर्ध्या वाटेत उभीच राहिले. तुम्ही मला सगळं शिकवलंत, आत्याबाई. हे तेवढं शिकवलं नाहीत.